बाबा, काका आणि दादा एक नाहीत

प्रिय आई-बाबा,
सलाम.

काल फोनवर बाबा तुमचा आवाज चढला आणि तुम्ही फोन आईच्या हातात दिलात, म्हणून लिहितेय. जरा मोठं आहे, चष्मा लावून वाचा.

तुम्ही म्हणालात, विल्डरसाहेब मिशनरी म्हणून १८५२ ला कोल्हापुरात आले तेव्हापासून लोक ऐकतायत पण मनं कठीण ती कठीणच, शेजारचे काका तीस वर्षं नाताळला चर्चमध्ये येतात, शेवटपर्यंत बसतात आणि पुढं काहीच नाही. आणि त्याच दमात तुम्ही दादाचंही नाव घेतलंत. ते मला लई लागलं.

आधी काकांचं सांगते. नाताळात करंज्यांचा डबा द्यायला गेले तर काकूंनी तो तिथल्या तिथं रिकामा केला, धुतला, पुसला आणि गूळ भरून दिला. मी म्हटलं राहू दे ओ, तर काका म्हणाले, रिकामा डबा आमच्या घरातनं जात न्हाई बाळ. रस्ताभर तेच डोक्यात होतं. आख्खी नोकरी त्यांनी बँकेत काढली, त्यांच्यासाठी तारण म्हणजे आधी सोनं ठेवायचं मग पैसे उचलायचे, आणि आपण त्यांना सांगतो की तारण फुकट आहे, कृपेनं आहे, किंमत येशूनं भरलीय, तुम्ही फक्त घ्या. ज्यानं कधी कुणाचा चहासुद्धा अंगावर ठेवला नाही त्याला हे किती जड जात असेल! माघात जोतिबाचे खेटे घालतात ते, पायी, या वयात, आणि आपल्या बोलण्यातनं त्यांना ऐकू येतं की ते चालणं काही कामाचं नाही.

आणि एकदा त्यांनी विचारलं होतं, मग माझी आई कुठं गेली? तुम्ही लगेच बायबल उघडून वचन काढलंत. मला वाटतं त्यांना तेव्हा वचन नको होतं, त्यांना आईची आठवण आली होती. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं बघा ना. त्यांच्या नवऱ्यानं, रेव्हरंड टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि मग स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. त्यांचं मन कठीण होतं असं कोण म्हणेल, संसार मोडला होता बाईचा. आणि काकूंनी आपल्याबद्दल कधी मनात काही धरून ठेवलंय का? आपण प्रसाद घेत नाही हे कळल्यापासून त्या गणपतीत नैवेद्य दाखवायच्या आधीच आपले मोदक बाजूला काढून ठेवतात.

आता दादा. त्याचा येशूवर राग नाहीये बाबा. वहिनीचं बाळ गेलं त्या आठवड्यात उपासनेनंतर पायऱ्यांवर एक वडीलधारे सगळ्यांदेखत म्हणाले, विश्वास कमी पडला असेल. वहिनीनं पदर तोंडाला लावला, दादानं तुमच्याकडं बघितलं आणि तुम्ही चपला घालत होता, एक पट्टा लावायला किती वेळ लावलात. मी तिथंच होते. तुम्ही भांडण नको म्हणून गप्प बसलात हे मला कळतं, पण दादाला वाटलं की तुम्हालाही तसंच वाटतंय. त्या दिवसापासून तो आत आलेला नाही. त्याच्या बॅगेत तुम्ही पत्रकं ठेवता ना, ती तो फाडत नाही, टेबलाच्या खणात सरळ रचून ठेवलीयेत सगळी, वहिनीनं दाखवली मला.

मला वाटतं त्याचं तारण व्हावं, काकांचंही व्हावं, रोज रात्री नाव घेऊन प्रार्थना करते दोघांसाठी. पण दादाला अजून एक वचन ऐकवू नका. "त्या दिवशी माझं चुकलं" एवढं तुमच्या तोंडून येऊ दे.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतेय. रविवारी सकाळी दादा रंकाळ्यावर चालायला जातो, तुम्हाला बरोबर ने म्हणून सांगितलंय त्याला, हो म्हणालाय. उपासना एक चुकेल, पण अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर हे येशूनंच सांगितलंय ना. पाळकसाहेबांना मी सांगते. आई, गुडघ्याचा पट्टा आणतेय, बाबांना चालताना लावायला लाव.

तुमची,
लेक