आमच्याकडची जास्वंद उन्हानं नाही, पाण्यानं मरते

संपादक साहेब,
तुमच्या पुरवणीत बागेबद्दल येतं ते मी आवडीने वाचतो, पण त्यातला बराच सल्ला पुण्यामुंबईच्या हवेतला वाटतो. आमच्या भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे "उन्हाळ्यात रोज पाणी द्या" एवढं वाचून लोक बादल्याच ओततात, मी पण ओतत होतो.

गच्चीवर रंगाच्या २० लिटरच्या बादलीत जास्वंद लावलीय. एप्रिलमध्ये पानं पिवळी पडायला लागली, कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या आणि दुपारी झाड मान टाकून उभं. शेजारच्या मावशी म्हणे "पानी कमी पडी ऱ्हायनं", मग अजून पाणी. शेवटी मातीत बोट दोन पेरं घातलं तर खाली नुसता चिखल आणि आंबूस वास! झाड उपटून पाहिलं, अर्धी मुळं काळी पडून गिळगिळीत झालेली. सडलेली मुळं पाणी ओढत नाहीत म्हणून ओल्या मातीतही झाड सुकतं, हे तेव्हा डोक्यात आलं.

चूक आपल्या काळ्या मातीची नाही, ती शेतात सोनं आहे, पण कुंडीत ती एकटी नको. ओली झाली की फुगून गच्च बसते, मुळांना हवा नाही, आणि वाळली की आकसून कडेला फट पडते मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली, आपल्याला वाटतं झाड प्यायलं. त्यात नर्सरीवाल्याचा लाल मातीचा घट्ट गोळा तसाच आत ठेवला होता मी, तो मधून कोरडाच.

मग संध्याकाळी सडकी मुळं कापली, वरच्या फांद्या पण तिसरा हिस्सा छाटल्या. बादलीला बुडाशी चार भोकं आणखी पाडली, एक भाग काळी माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत, वरून केळीची वाळलेली पानं (ती आपल्याकडे काय कमी आहेत!). पंधरा दिवस ग्रीन नेटखाली ठेवली आणि मातीत मिसळलेल्या शेणखताशिवाय वरून खत अजिबात नाही, आजारी झाडाला खत घालायची आपली खोडच वाईट. बादली विटांवर ठेवली कारण स्लॅब तापला की मुळं भाजतात. पाणी सकाळीच, तेही बोटाला वरची माती कोरडी लागली तरच.

तीन आठवड्यांनी फुटवे आले, लगेच कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला, तो पिठ्या ढेकूण, रस शोषणारी कीड. साबणाच्या पातळ पाण्यात कापड बुडवून पुसून काढला, त्याच्या गोड चिकट्यावर मुंग्या येतात, म्हणून मुंग्या दिसल्या की समजायचं तो अजून कुठेतरी आहे.

तर तुमच्या पुरवणीत खान्देशातल्या माती आणि उन्हाचा विचार करून एखादं पान द्या की, आणि ते फेब्रुवारीतच द्या, मे मध्ये वाचून काय उपयोग.

आपला एक वाचक, भुसावळ