इंटरनेटच्या तक्त्यात चार रकाने वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती इंटरनेटच्या योजनांची तुलना छापताना वर्तमानपत्रे कंपनीचे नाव, वेग, मासिक दर आणि ‘मोफत ओटीटी’ असा चार रकान्यांचा तक्ता देतात. ठाणे-नवी मुंबईत हा तक्ता पाहून जोडणी घेणाऱ्याची निम्मी फसगत तिथेच होते. एकाच कंपनीची एकच योजना मानपाड्याच्या टॉवरमध्ये, नौपाड्यातल्या जुन्या तीन मजली इमारतीत आणि कोपरखैरण्याच्या रो-हाउसमध्ये वेगवेगळ्या वाटांनी घरात शिरते. वेगाचे खरे-खोटे बहुतेकदा या शेवटच्या शंभर मीटरमध्येच ठरते. म्हणून पहिला नवा रकाना हवा तो घरात नेमके काय येते याचा.

बऱ्याच इमारतींत फायबर येते ते फक्त गच्चीपर्यंत. तिथे किंवा लिफ्टच्या मशीनरूममध्ये एक पत्र्याची पेटी असते, आत स्विच, म्हणजे एका जोडणीच्या अनेक वाटा करणारे यंत्र, आणि त्यातून डक्टमधून प्रत्येक फ्लॅटला तांब्याची लॅन केबल सोडलेली. विकणारा यालाही बिनदिक्कत ‘फायबर’ म्हणतो. ओळखणे सोपे आहे. घरातल्या तारेच्या टोकाला लँडलाइनच्या क्लिपसारखा, पण त्याहून रुंद पारदर्शक प्लग असेल तर ती लॅन केबल. बारीक तार, टोकाला हिरवा चौकोनी कनेक्टर आणि तो प्रकाशाचा सिग्नल बदलून देणाऱ्या एका वेगळ्या डबीत, म्हणजे ओएनटीत, खोचलेला असेल तर फायबर.

लॅनची तार तशी वाईट नाही, पण कारागिरी वाईट असते. या तारेत आठ धागे असतात. १०० एमबीपीएसला त्यातले चारच लागतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाचे. त्याच्या वर जायचे तर आठही हवेत. एका तारेत दोन फ्लॅट भागवायचे म्हणून चार-चार धागे वाटून प्लग बसवणारे महाभाग आहेत. शिवाय अनेक स्वस्त राउटरांचे पोर्ट मुळातच १०० चे असतात. २०० किंवा ३०० ची योजना घेतली आणि चाचणीत आकडा कधीच ९४-९५ च्या पुढे सरकला नाही, तर तो कंपनीचा ‘स्लो नेट’ नव्हे; धागे, स्विच किंवा राउटर यांपैकी एक जण १०० वर अडलेला आहे. लॅपटॉपला तार जोडून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ पाहा. तिथे १००/१०० दिसले की निदान झाले. दुसरी अडचण लांबीची. लॅन केबलची हद्द १०० मीटर. वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून खालच्या मजल्यांवर, तेही तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेने, म्हणजे पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळण्याची भीती. आणि पेटीची वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवर असते. महावितरणची वीज गेली की घरात इन्व्हर्टर चालू असूनही नेट बंद.

खऱ्या फायबरचे गणित निराळे. एक फायबर अनेक घरांत वाटण्याच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका धाग्यावर खाली येणारी क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारी १.२५. ती स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. ६४ जण एकाच क्षणी तुटून पडले तर वाट्याला ३९ एमबीपीएस येतील. एरवी तसे होत नाही, म्हणून ३०० ची योजना खपते. पण सामन्याच्या रात्री साडेनऊला नेट रांगत असेल तर आधी संशय वाटणीवर, आणि त्याहून अधिक स्थानिक ऑपरेटरने वर किती बँडविड्थ विकत घेतली आहे यावर घ्यावा.

फायबरमध्ये सिग्नल अशक्त झाला म्हणून वेग हळूहळू उतरत नाही. जोडणी तुटते, जुळते, पुन्हा तुटते. तंत्रज्ञ आला की त्याच्याकडून प्रकाश मोजणारे मीटर १४९० नॅनोमीटरवर लावून आकडा वाचून घ्यावा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे माप) चांगला. उणे २७ ही बहुतेक ओएनटींची सीमा. आकडा पडण्याची कारणे फार साधी असतात: दाराच्या फटीत चेपलेली तार, टीव्ही युनिटमागे काटकोनात दुमडलेला वळसा, हिरव्या कनेक्टरला जोडलेला निळा (दोघांची टोके वेगळ्या कोनात घासलेली असतात, ती नीट भिडत नाहीत), पावसाळ्यात पाणी शिरलेला जॉइंट बॉक्स. ओएनटीवर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही; प्रकाशच पोहोचत नाही.

एअरफायबर नावाने मिळणारी जोडणी म्हणजे फायबर नव्हे, बिनतारी, बहुधा ५-जी आहे. खिडकीतून टॉवर सरळ दिसत असेल तर उत्तम चालते. घोडबंदर पट्ट्यात मधल्या भूखंडावर नवा टॉवर उभा राहिला की मात्र तीच योजना अर्ध्यावर येऊ शकते. जिथे फायबर ओढायला परवानगी नाही तिथे हा पर्याय ठीक, अन्यथा दुसऱ्या क्रमांकाचा. जुन्या तांब्याच्या टेलिफोन जोडीवरच्या ब्रॉडबँडबद्दल आता बोलण्यासारखे उरलेले नाही.

तुलना करायची तर मोजणी नीट हवी. वाय-फायवर मोजलेला आकडा कंपनीचा नसतो, घराच्या भिंतींचा असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या इमारतीत ती शेजाऱ्यांनी भरलेली असतात आणि हाती ३०-४० एमबीपीएस लागले तरी बरे. तेव्हा गिगाबिट पोर्टचा लॅपटॉप तारेने थेट जोडा, बाकी उपकरणे बंद करा आणि सकाळी सात व रविवारी रात्री दहा अशा दोन वेळा मोजा. चाचणीचे अ‍ॅप आपणहून जवळचा, बहुधा त्याच कंपनीचा सर्व्हर निवडते. आपल्याकडे डेटा सेंटरे ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात आहेत, त्यामुळे तिथल्या सर्व्हरपर्यंतचा पिंग, म्हणजे जाऊन परत यायला लागणारा वेळ, २-३ मिलिसेकंद दिसला तर हुरळू नये. ती ठाणे-बेलापूर रस्त्यावरची फेरी झाली. सर्व्हर हाताने बदलून चेन्नई आणि सिंगापूर निवडा, शिवाय फास्ट डॉट कॉमवरही पाहा, कारण तिथे नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजणी होते. मग २०० पॅकेटचा पिंग चालवा. दोनपेक्षा जास्त हरवली तर गळती १ टक्क्याहून अधिक, आणि व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो तो यामुळे. एक मोठी फाइल अपलोडला लावून पिंग पुन्हा पाहा. ५ चा ३०० झाला तर दोष राउटरमधल्या रांगेचा आहे, महागडी योजना घेऊन तो जाणार नाही.

आणि हो, १०० च्या योजनेत डाउनलोडच्या खिडकीत १२ एमबी प्रतिसेकंद दिसले म्हणून भांडू नये. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, एमबी म्हणजे मेगाबाइट; एमबीपीएसला ८ ने भागले की तेच निघते.

दुसरा रकाना अपलोडचा. लॅन व फायबरच्या बऱ्याच योजनांत तो डाउनलोडइतका मिळतो, केबल टीव्हीच्या कोअ‍ॅक्स तारेवर आणि एअरफायबरवर बराच कमी. घरून काम करणाऱ्याला ३०० च्या डाउनलोडपेक्षा ५० चा अपलोड अधिक कामाचा.

तिसरा ‘अनलिमिटेड’च्या मर्यादेचा. फायबरवर ती बहुधा महिन्याला ३३०० जीबी, एअरफायबरवर १००० च्या आसपास. ४-के चित्र तासाला सुमारे ७ जीबी खाते, म्हणजे पहिल्यात ४७० तास, दुसऱ्यात १४०. चार टीव्हींच्या घरात दुसरी मर्यादा गाठली जाते. त्यानंतरचा वेग किती, हे बारीक टाइपात असते. तेच मोठ्यात छापावे. दर मात्र १८ टक्के जीएसटीसह द्यावा, कारण ९९९ ची योजना बिलात ११७९ होते.

चौथा रकाना स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे घराचा इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, मिळतो का, याचा. अनेक पुरवठादार शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. मग डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या पेटीला, राउटरमध्ये वाट (पोर्ट) उघडून देऊनही गावाहून घराचा कॅमेरा दिसत नाही आणि दोष मात्र कॅमेरावाल्याच्या माथी बसतो. स्टॅटिक आयपीचे पैसे वेगळे पडतात. ते आधी विचारावेत.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ असे न सांगता तारेवरच्या चाचणीचे वेळेसह स्क्रीनशॉट द्यावेत आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्यावा. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येते. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात, हेही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. सोसायट्यांनी एकाच ऑपरेटरला डक्ट आंदण देणे थांबवावे, दोन तरी येऊ द्यावेत. इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन (स्टार रेटिंग) देण्याचे नियम दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढले आहेत. नवे घर घेणाऱ्याने बिल्डरला त्याबद्दल जरूर विचारावे.

चार नव्या रकान्यांना जागा कुठून आणायची, असा प्रश्न आपल्याला पडेल. ‘मोफत ओटीटी’चा रकाना काढून टाकावा. त्याचे पैसे तसेही मासिक दरात धरलेले असतात.

आपला,
ब्रॉडबँड जोडणीच्या क्षेत्रातला एक वाचक, ठाणे (पश्चिम)