‘वीस टक्के’ कशाचे, हेही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नैसर्गिक वायूत २० टक्के हायड्रोजन मिसळून इंजिन चालवले तर कार्बन डायऑक्साइडही तेवढाच घटतो, असे संगणकीय सिम्युलेशनमधून दिसल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. सिलिंडरच्या आत इंधन कसे जळते याचे गणित संगणकावर मांडणे हेच माझे सतरा वर्षांचे काम, म्हणून हे पत्र.

हे २० टक्के आकारमानाचे असतात. एक घनमीटर मिथेन जळला की सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता मिळते, तेवढ्याच हायड्रोजनमधून जेमतेम ११. त्यामुळे या मिश्रणातल्या एकूण ऊर्जेत हायड्रोजनचा वाटा ७ टक्क्यांच्या आसपास भरतो, आणि तेवढेच काम करून घेताना कार्बन डायऑक्साइडही साधारण तितकाच कमी होतो. पातळ मिश्रणावर, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी ठेवून, इंजिनाची कार्यक्षमता वाढली तर आणखी थोडा. निम्मी ऊर्जा हायड्रोजनकडून हवी असेल तर मिश्रणात तो ७७ टक्के लागेल. हा हिशेब कागद-पेन्सिलीने होतो, त्याला सिम्युलेशनची गरजच नाही.

गरज पडते ती ज्योतीसाठी. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात बहुतेक इंधन पाच-सहा मिलिसेकंदांत जळून जाते. त्या क्षणाचे चित्र उभे करायचे तर सिलिंडरमधली जागा लाखो बारीक घरांत विभागावी लागते आणि प्रत्येक घरात दाब, वेग, तापमान, रासायनिक अभिक्रिया सोडवाव्या लागतात. मिथेनसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीआरआय-मेक ३.० या अभिक्रियांच्या संचात ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत. एका चक्रासाठी आमचे संगणक दोन-दोन दिवस राबतात. तरीही ज्योतीचा पापुद्रा आमच्या घरांपेक्षा पातळच असतो, त्यामुळे ती किती सुरकुतली, आणि म्हणून किती वेगाने पुढे सरकते, हे थेट दिसत नाही. ते एका सूत्राने मानून घ्यावे लागते. त्या सूत्रात एक स्थिरांक असतो, आणि चाचणीतले आकडे जुळेपर्यंत आम्ही तो कमी-जास्त करतो. वाचकांपर्यंत नेमकी हीच गोष्ट पोचत नाही.

यात मी स्वतः चुकले आहे. नैसर्गिक वायूवर जुळवलेले मॉडेल मी एकदा ४० टक्के हायड्रोजनच्या पातळ मिश्रणाला तसेच लावले. टेस्ट बेडवर, म्हणजे चाचणीच्या खऱ्या इंजिनात, मोजलेला दाब माझ्या आलेखापेक्षा क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या) सहा अंश आधी शिखर गाठत होता. मी स्थिरांक वाढवला, दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या, आणि मी समाधानाने अहवाल दिला. नंतर धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजले गेले. ते माझ्या आकड्याच्या दुपटीहून जास्त निघाले.

कारण शोधायला तीन महिने गेले. पातळ मिश्रणात हायड्रोजनचे हलके रेणू उष्णतेपेक्षा वेगाने पसरतात. ज्योतीला कुठे पुढे फुगवटा आला की आजूबाजूचा हायड्रोजन तिकडे ओढला जातो, ती जागा जास्त तापते आणि आणखी पुढे सरकते. संपूर्ण ज्योतीवर असे फुगवटे उठतात. माझ्या सूत्रात उष्णता आणि इंधन एकाच वेगाने पसरतात असे धरले होते. स्थिरांक वाढवून मी ज्योतीचा वेग तेवढा दुरुस्त केला, ते तप्त ठिपके मात्र गणितात कुठेच नव्हते. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन साधारण १८०० केल्विनच्या वर झपाट्याने एकत्र येऊ लागतात, त्यामुळे सरासरी तापमान बरोबर असूनही नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा साफ चुकतो. दाबाची रेषा जुळली होती ती चुकीच्या कारणाने. ‘हायड्रोजन जाळला की फक्त पाणी’ हे वाक्य वाचले की मला तो अहवाल आठवतो.

याचा अर्थ सिम्युलेशन निरुपयोगी आहे असा कृपया कुणी घेऊ नये. हायड्रोजन पेटायला ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते, मिथेनला ०.२८ लागते. म्हणून स्पार्क प्लगचे तापलेले टोक किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची लालभडक कडासुद्धा ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवू शकते. पुढे एका इंजिनात व्हॉल्व्हची तशी कडा आम्हाला पडद्यावर आधी दिसली, आणि पिस्टन जळण्यापूर्वीच थंड पाण्याचा मार्ग बदलता आला. ही ताकद मी पाहिली आहे, म्हणूनच तिच्या नावाने काहीही छापून यावे हे सहन होत नाही.

अशी बातमी देताना टक्के आकारमानाचे की ऊर्जेचे, आलेख मोजलेला की गणिताने काढलेला, आणि मॉडेल कोणत्या इंधनावर जुळवले होते, एवढे संशोधकांना विचारून छापावे ही विनंती. आकडे तपासून पाहायला कुणी हवे असेल तर मी आनंदाने वेळ देईन.

आपली,
इंजिनांतील ज्वलनावर काम करणारी एक अभियंता