शाळेतला मोबाइल मोठ्यांच्या हातात आहे, मंत्रिमहोदय

मा. शालेय शिक्षण मंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ, यांस

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे. इंदुरात चार पिढ्या गेल्या तरी रागावलं की आम्ही मराठीतच बोलतो, आणि हे पत्र थोडं रागाचंच आहे. ३१ वर्षं सरकारी शाळेत शिकवलं, त्यामुळे खात्याला कसं लिहायचं ते ठाऊक आहे. ‘उपरोक्त विषयान्वये’ मुद्दाम टाळते.

माझी नात दुसरीत आहे, एका खाजगी शाळेत. ऑगस्टमध्ये कविता म्हणायची स्पर्धा होती. आठ ओळींची कविता, घरी झोपाळ्यावर बसून पन्नासदा घोकलेली. पाचव्या ओळीला अडली. फ्रॉकची कड मुठीत धरली, ती हळूहळू तोंडापर्यंत नेली आणि रडायला लागली. एवढंच. वर्गात हे होतच असतं. बाई जवळ घेतात, पाणी देतात, मूल विसरून जातं. पण या बाईंच्या हातात मोबाइल होता. १९ सेकंदांचा व्हिडिओ आधी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, संध्याकाळी शाळेच्या फेसबुक पानावर ‘सो क्यूट’ म्हणून चढला आणि दोन दिवसांत कुणीतरी त्याला विनोदी गाणं जोडून रील केलं. मला कळलं ते सकाळी पोहे आणायला गेले तिथे. दुकानदाराने मोबाइल पुढे केला, “काकू, ही आपलीच ना?”

सून आणि मी शाळेत गेलो. मॅडमनी फाइल काढली. प्रवेश अर्जाचं चौथं पान, मुद्दा १७, मुंगीएवढी अक्षरं: विद्यार्थ्याची छायाचित्रं व चित्रफिती शाळा प्रसिद्धीसाठी वापरू शकेल. “आपने साइन किया है, आंटी.” केली होती खरी, माझ्या मुलाने. बसचे नियम, उशिरा फी भरल्याचा दंड आणि पोरीचा चेहरा, सगळ्याला मिळून एकच सही.

हल्ली मुलांना समाजमाध्यमांची बंदी करा अशी चर्चा जोरात आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना खाती बंद केली, तेव्हापासून तर जास्तच. करा, माझी ना नाही. पण माझ्या नातीकडे मोबाइल नाही, खातं नाही, तिला पासवर्ड म्हणजे काय ते माहीत नाही. तिला फेसबुकवर नेऊन बसवलं ते मोठ्या माणसांनी. बंदी तुम्ही मुलांवर घालणार, आणि या मोठ्यांना कोण विचारणार?

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. त्यात वयाची अट घातलेली नाही. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक, आणि त्याची माहिती वापरण्याआधी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी. संमती कशी? मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणासाठी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता येईल अशी. मुद्दा १७ यात कुठे बसतो ते तुमच्याच विधी अधिकाऱ्यांना विचारा. मुलांच्या बाबतीत चूक झाली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत आहे. तो आकडा मोठ्या कंपन्यांसाठी असेल, पण नियम शाळांनाही आहे.

यावर शाळावाले म्हणतात, आम्हाला सूट आहे. आहे, पण किती? नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेल्या नियमांत शिक्षणसंस्थांना मुलांवर लक्ष ठेवायला सवलत दिली आहे, ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. हजेरी घ्या, बस कुठे पोचली ते बघा. रडणाऱ्या मुलीचा व्हिडिओ टाकून पुढच्या वर्षीचे प्रवेश वाढवणं यात कुठे आलं? संमतीच्या तरतुदी लागू व्हायला मे २०२७ पर्यंत मुदत आहे, म्हणून सगळे निवांत आहेत. ही मुदत तयारीसाठी असते असा माझा समज होता.

आता घरचं सांगते, म्हणजे आपल्या खात्याचं. ही सवय खाजगी शाळांनी एकट्यांनी लावलेली नाही. मी निवृत्त होईपर्यंत शेवटची काही वर्षं दर आठवड्याला जनशिक्षकांचा, म्हणजे आमच्या शाळासमूहाच्या समन्वयकांचा, निरोप यायचा: कार्यक्रमाचे फोटो टाका. योग दिवस, पौष्टिक आहार, वृक्षारोपण, हात धुण्याचा दिवस. फोटो नाही म्हणजे कार्यक्रम झालाच नाही. मीही मुलांना थाळ्या धरून रांगेत उभं केलंय आणि “इकडे बघा रे” म्हटलंय. ते फोटो संकुलाच्या ग्रुपवर गेले. तिथून पुढे कुठे गेले, मी कधी विचारलं नाही. आज लाज वाटते. २०२५ मध्ये शिक्षकांची हजेरी ‘हमारे शिक्षक’ ॲपवर आली तेव्हा ते मात्र चिडले, आपल्या मोबाइलमधली माहिती जाते कुठे असं विचारू लागले. बरोबरच विचारलं. थाळी धरून उभ्या असलेल्या पोराला तो प्रश्न सुचतही नाही.

ग्रुपवर याहून वाईट गोष्टी फिरतात. कुठल्या मुलाबाबत काही गंभीर घडलं, पोलिसांत गेलं, की तासाभरात त्याचं नाव, वर्ग, फोटोसकट पालकांच्या ग्रुपवर. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: अशा बालकाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे? आमच्या वर्गाच्या ग्रुपवर १३८ माणसं आहेत, त्यांत दोन वकील.

मागणी फार मोठी नाही. अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी, तुम्ही पालकांकडून वेगळं संमतिपत्र घेता, नको असेल तर नाही म्हणता येतं. फोटोसाठीही तसाच वेगळा कागद काढा. त्यावर ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन असोत, आणि ‘नाही’वर खूण केली म्हणून मुलाला कार्यक्रमातून वगळायचं नाही, हे स्पष्ट लिहा. दिलेली संमती मागे घेतली की फोटो किती दिवसांत काढायचा आणि तो कुणी काढायचा, हेही लिहा. शाळेच्या पानावर काय चढतं त्याची जबाबदारी एका नावाच्या माणसावर असू द्या, नाहीतर “आयटीवाला सुट्टीवर आहे” हेच ऐकावं लागतं. आम्ही ते नऊ दिवस ऐकलं. आणि खात्याने आधी स्वतःच्या ग्रुपवर फोटो मागणं थांबवावं. खाजगी शाळा आमच्या हातात नाहीत असं म्हणू नका. फीसाठी २०१७ चा कायदा आपल्याच राज्याने केला, तेव्हा त्या हातात होत्या.

शाळेने व्हिडिओ शेवटी काढला. रील अजून फिरतं.

उत्तर हिंदीत दिलंत तरी चालेल. सोबत फोटो जोडू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर