पहिली गाडी आणि उणे एकचं सिबिल

नागपूर

प्रिय सच्या,

"सिबिल उणे एक आहे, बँक दारात उभं करणार नाही, आमच्या फायनान्स कंपनीचं कर्ज करून देतो" असं शोरूमवाला म्हणाला आणि तू हो म्हणायच्या बेतात आहेस. थांब थोडा. यात आकडे बरेच आहेत, फोनवर सांगितले तर निम्मे विसरशील, म्हणून लिहून पाठवतो.

सिबिलचा स्कोअर, म्हणजे कर्ज कसं फेडलंय त्यावरून दिलेला आकडा, ३०० ते ९०० मध्ये असतो. -१ हा त्या पट्टीवरचा आकडाच नाही. तुझ्या नावावर कधी कर्ज नव्हतं, क्रेडिट कार्ड नव्हतं, म्हणून मोजायला काही सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्कोअर ६२० आणि रिपोर्टात 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं कर्ज) असा शेरा, हा आजार वेगळा. तो तुला नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटलंय. म्हणून बँकेने कर्ज द्यायलाच हवं असं होत नाही. पण मग पारख दुसऱ्या गोष्टींवर होते: हातात येणारा पगार, नोकरी किती जुनी, खात्याचे मागचे सहा महिने आणि तू स्वतःच्या खिशातून किती टाकतोस.

आधी स्वतःचा रिपोर्ट काढ. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क असे कर्जांची नोंद ठेवणारे चार ब्युरो आहेत, आणि प्रत्येकाने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. चारही काढ, कारण बँक कुठला पाहील हे तुझ्या हातात नाही. आपला आपण पाहिल्याने स्कोअर घसरत नाही. नाव, जन्मतारीख, पॅन जुळतं का ते पाहा आणि तुझं नसलेलं कर्ज तिथे बसलंय का तेही पाहा. मोबाईल ॲपवरचं 'आत्ता घ्या, नंतर द्या' हेसुद्धा कर्जच असतं. त्यातले विसरलेले चारशे रुपये थकीत म्हणून दिसतात आणि गाडीच्या फाइलला आडवे येतात. चूक सापडली तर ब्युरोच्या साइटवर तक्रार टाक. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, त्यामुळे आता पूर्वीसारखं लोंबकळत ठेवत नाहीत.

मग जा फक्त एका बँकेत, जिथे तुझा पगार जमा होतो तिथे. मिहानच्या नोकरीला तुझं वर्ष उलटलंय, हे चांगलं. बऱ्याच बँका किमान एक वर्ष पाहतात. पण तू कंपनीच्या पेरोलवर आहेस की कंत्राटदाराच्या, हे सॅलरी स्लिपवर नीट पाहून घे. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कितीतरी पोरांचे अर्ज इथेच अडकतात. गेटपासवर मोठ्या कंपनीचं नाव, स्लिपवर मॅनपॉवर एजन्सीचं, आणि अर्जात भरतात गेटपासवरचं. पडताळणीत ते जुळत नाही, फाइल बंद. स्लिपवर जे आहे तेच भर.

तीन-चार ठिकाणी एकदम अर्ज टाकू नको. प्रत्येक अर्जामागे बँक तुझी चौकशी करते आणि ती रिपोर्टात नोंदली जाते. रिकाम्या रिपोर्टात पंधरा दिवसांत पाच चौकशा आणि कर्ज एकही नाही, हे पाहून सहावा हात आखडतो. शोरूमची फायनान्स डेस्क नेमकं हेच करते: एकदा कागद दिले की जमेल तिथे फिरवते. म्हणून त्यांना पॅन-आधारच्या प्रती आताच देऊ नको. फक्त कोटेशन मागून घे, ते बँकेला लागतंच.

आता पैशाचं. समज, पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ६,५०,००० रुपये आहे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वाहनकर ११ टक्के, म्हणजे ७१,५००. विमा, नोंदणी, फास्टॅग धरून ऑन-रोड साधारण ७,६०,००० पर्यंत जाईल. 'नव्वद टक्के लोन' ऐकलं की लगेच विचार, नव्वद टक्के कशाचे? एक्स-शोरूमचे की ऑन-रोडचे? या गाडीत दोन्हींत जवळपास एक लाखाचा फरक पडतो आणि तो तुला रोख उभा करावा लागतो. तुझ्या जागी मी ६ लाखांच्या वर मागणार नाही. इतिहास नसलेल्या माणसाने जास्त डाउन पेमेंट दाखवलं की बँकेची धाकधूक कमी होते. याहून हुकमी उपाय दुसरा नाही.

६ लाख, ९.५ टक्के, ५ वर्षं: हप्ता १२,६०१ रुपये, एकूण व्याज सुमारे १,५६,०००. तेच ७ वर्षांना केलं तर हप्ता ९,८०६ वर येतो, पण व्याज २,२३,००० च्या पुढे जातं. सेल्समन सात वर्षांचाच हप्ता सांगेल. सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या ४० ते ५० टक्क्यांवर जाऊ नयेत असं बँका साधारण पाहतात. तुझ्या ३८,००० मध्ये १२,६०१ सहज बसतो. मात्र ओव्हरटाइम आणि इन्सेन्टिव्ह पूर्ण धरतील असं समजू नको.

खात्याचे सहा महिने म्हणजे काय पाहतात ते ऐक. पगार ठरल्या तारखेला येतो का, आला की दोन दिवसांत खातं साफ होतं का, एखादा ऑटो-डेबिट परत गेलाय का. एक बाउन्स दिसला की दहा प्रश्न. एलआयसीचा हप्ता, आरडी, घरभाडं दर महिन्याला नेमाने जाताना दिसलं की ते तुझ्या बाजूने बोलतं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामांकडून दोन लाख आणून खात्यात टाकायची आयडिया करू नको. ते लगेच ओळखू येतं आणि कुठून आले हे विचारतात.

काकांना सहकर्जदार घ्यायचं का, हे तू विचारलं होतंस. त्यांची पेन्शन असल्याने फाइल नक्कीच भक्कम होईल, पण दोन गोष्टी पाहा. सहकर्जदाराला वयाची मर्यादा असते, आणि त्यांचंही सिबिल काढलं जाईल. ते कुणाला जामीन राहिले असतील आणि त्याने हप्ते बुडवले असतील तर ते काकांच्या रिपोर्टात दिसेल. त्यांनी पतसंस्थेचं कर्ज वेळेत फेडलं होतं त्याचा इथे बहुधा उपयोग नाही, कारण बऱ्याच पतसंस्थांची माहिती ब्युरोपर्यंत पोचतच नाही. आणि एक त्यांना स्पष्ट सांग: तू हप्ता चुकवलास तर डाग दोघांनाही लागतो.

कागद नेहमीचेच. पॅन, आधार, तीन महिन्यांच्या स्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, फॉर्म १६, कोटेशन. अडतं ते पत्त्यावर. तुझ्या आधारवर काटोलचा पत्ता, राहतोस मनीषनगरला भाड्याने. नोंदणीकृत भाडेकरार जोड. पडताळणीला माणूस खोलीवर येतो. कुलूप दिसलं किंवा घरमालक "असा कोणी ओळखीचा नाही" म्हणाला की शेरा वाईट जातो. घरमालकाला आधीच सांगून ठेव.

इतकं करूनही बँक नाही म्हणाली तर कारण विचार आणि सहा महिने थांब. दसऱ्याची हुकली तर गुढीपाडव्याला घे, रस्ते कुठं जात नाहीत. तोवर २५,००० ची एफडी कर आणि त्यावर क्रेडिट कार्ड घे. एफडी तारण असल्याने स्कोअर नसला तरी मिळतं. महिन्याचं पेट्रोल आणि किराणा त्यावर टाक, वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेव, आणि बिल आलं की पूर्ण भर. 'मिनिमम ड्यू' भरून समाधान मानू नको, उरलेल्यावर भयंकर व्याज लागतं. साधारण सहा महिन्यांत स्कोअर तयार होतो.

आता त्या शोरूमच्या कर्जाबद्दल, कारण "फक्त सात टक्के" असं त्याच्या पत्रकावर लिहिलंय म्हणालास. तो फ्लॅट दर आहे, सच्या. ६ लाखांवर ७ टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांचं व्याज २,१०,००० आणि हप्ता १३,५००. तू दर महिन्याला मुद्दल फेडत जातोस, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६ लाखांवरच मोजलेलं असतं. घटत्या शिल्लकीवर हा दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास पडतो. बँकेचे साडेनऊ त्याच्यापेक्षा स्वस्त आहेत, दिसायला मोठे असले तरी.

हे ओळखायला केएफएस माग. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाला हे मुख्य माहितीपत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे प्रोसेसिंग फी वगैरे धरून पडणारा खरा वार्षिक दर. दोन कर्जांची तुलना त्याच आकड्यावर कर. कर्ज सुरक्षा विमा म्हणून २५,००० कर्जात मिसळलेत का तेही तिथेच दिसेल; ते मिसळले की हप्ता ५२५ ने वाढतो आणि पाच वर्षांत ३१,५०० जातात. हा विमा सक्तीचा नाही. गाडीचा विमा सक्तीचा आहे, नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम, पण तो शोरूममधूनच घे असं कुणी म्हणू शकत नाही. 'ॲडव्हान्स ईएमआय' असेल तर पहिला हप्ता आधीच कापून घेतील, म्हणजे तेवढी रक्कम तुला जास्त उभी करावी लागेल. दर फ्लोटिंग असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही. फिक्स्ड असेल तर फोरक्लोजरचे टक्के किती ते पाहून घे.

बुकिंगच्या पावतीवर "कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम वापस" असं लिहून घे, तोंडी नको. कर्जाचे पैसे तुझ्या खात्यात येणार नाहीत, थेट डीलरकडे जातील. हप्त्याची तारीख पगाराच्या नंतरची माग. पगार ७ ला आणि हप्ता ५ ला ठेवून बसलास तर प्रत्येक महिन्याला बाउन्स चार्ज आणि रिपोर्टात उशिराची नोंद.

गाडी एमएच-३१ ची होवो की एमएच-४९ ची, आरसीवर बँकेचा बोजा चढेलच. शेवटचा हप्ता भरल्यावर तो आपोआप उतरत नाही. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो काढावा लागतो, नाहीतर गाडी विकताना अडकशील. पाच वर्षांनंतरचं आहे, पण फाइलच्या पहिल्या पानावर आताच लिहून ठेव.

बँकेने केएफएस दिला की सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठव. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
प्रशांत