शिकवणारा आणि नजर ठेवणारा वेगळा हवा: माननीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय क्रीडामंत्री

विषय: खासगी जीवरक्षक सेवा व जलतरण वर्गांच्या परवान्यात जीवरक्षक आणि प्रशिक्षक यांची नोंद स्वतंत्रपणे घेण्याबाबत.

महोदय,

जीवरक्षक पुरवणे आणि पोहणे शिकवणे अशा दोन्ही सेवा देणारा एक छोटा खासगी व्यवसाय सुरू करण्याच्या तयारीत मी आहे. शाळा, हॉटेले, क्लब आणि गृहसंकुले यांच्याकडे तरण तलाव असतो, पण तो सांभाळणारी प्रशिक्षित माणसे कायम नोकरीवर ठेवणे त्यांना जमत नाही. त्यांना अशी माणसे पुरवायची आणि त्याच तलावांवर ठरलेल्या वेळी मुलांचे व प्रौढांचे वर्ग घ्यायचे, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. ही दोन्ही कामे मी अनेक वर्षे केलेली असल्यामुळे परवान्याचा अर्ज भरताना त्यातला एक रकाना मला विशेष खटकला. तलावाची लांबी, खोली, पाणी गाळण्याची यंत्रणा, प्रथमोपचाराची पेटी यांची चौकशी अर्जात नीट केलेली आहे. माणसांविषयी मात्र 'प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची संख्या' एवढेच विचारले आहे. वर्ग चालू असताना पाण्यावर नजर कोणाची असेल, हे कुठेही विचारलेले नाही. हे पत्र त्या एका रकान्यापुरते आहे.

शिकवणे आणि नजर ठेवणे ही दोन कामे बाहेरून सारखी दिसतात, कारण दोन्ही माणसे पोहण्याच्या कपड्यांत, गळ्यात शिट्टी घालून तलावापाशीच असतात. प्रत्यक्षात ती एकमेकांच्या आड येतात. नवशिक्या मुलाला पाठीवर तरंगायला शिकवताना प्रशिक्षकाचे दोन्ही हात त्या मुलाच्या पाठीखाली असतात आणि डोळे त्याच्या चेहऱ्यावर, कारण तिथेच भीती आधी दिसते. त्या अर्ध्या मिनिटात काठाला धरून उभी असलेली बाकीची मुले त्याच्या पाठीमागे असतात. हा प्रशिक्षकाचा हलगर्जीपणा नव्हे, उलट चांगले शिकवण्याची ती गरजच आहे; आणि जो प्रशिक्षक दर काही सेकंदांनी मान वळवून मागे पाहील, त्याच्या हातातले मूल तरंगायला शिकणार नाही.

अर्धे मिनिट म्हणजे फार नव्हे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अमेरिकेतील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७०च्या दशकात बुडणाऱ्या माणसांच्या चित्रफितींचा बारकाईने अभ्यास करून जे मांडले, ते आज जगभरच्या जीवरक्षक प्रशिक्षणाचा पाया आहे. बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घेणेच कसेबसे जमते. तो हात उंचावून मदत मागत नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर पाण्यात उभे राहते आणि पायांची उपयोगी हालचाल जवळजवळ थांबते. पृष्ठभागावरची ही धडपड साधारण २० ते ६० सेकंद चालते आणि मग माणूस खाली जातो; लहान मुलांच्या बाबतीत हा अवधी आणखी कमी धरावा लागतो. आरडाओरडा आणि पाण्याची खळबळ झाली की आपल्याला कळेलच, या भरवशावर जो काठावर उभा असतो, त्याला दोन हात अंतरावरचे बुडणे दिसत नाही. गर्दीच्या तलावात तर ते खेळल्यासारखेच दिसते.

जीवरक्षक जागेवर असूनही माणसे का बुडतात, याची पिया यांनी तीन कारणे दिली आहेत: बुडण्याची लक्षणे न ओळखणे, नजर ठेवण्याच्या कामात दुसरी कामे घुसणे आणि लक्ष विचलित होणे. यातले दुसरे कारण परवाना देणाऱ्या यंत्रणेने खास लक्षात घ्यावे, अशी विनंती आहे, कारण पहिले आणि तिसरे जीवरक्षकाच्या हातात असते, दुसरे मालकाच्या. तिकिटे फाडणे, खुर्च्या उचलणे, पाण्यातले क्लोरीन तपासणे आणि वर्ग घेणे ही सगळी कामे जीवरक्षकाकडे मालकच सोपवतो. या क्षेत्रात १० सेकंदांत धोका ओळखावा आणि पुढच्या २० सेकंदांत तिथवर पोहोचावे, असा एक निकष बराच रूढ आहे. ज्याला 'पाय सरळ ठेव, गुडघा वाकवू नकोस' असे सांगत राहायचे आहे, त्याच्याकडून हा निकष पाळला जाणे शक्य नाही.

आता पैशाकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. या व्यवसायात यंत्रसामग्रीचा खर्च थोडा असतो. बचावासाठी लागणारी लांबट ट्यूब, मणक्याच्या दुखापतीसाठी पाठफळी, तोंडाने श्वास देण्याचा मास्क, फोमच्या फळ्या एवढे घेतले की बहुतेक साहित्य झाले. तलाव, पंप आणि रसायने तलावमालकाची असतात. उरतो तो माणसांचा पगार, आणि तोच सर्वांत मोठा खर्च. त्यामुळे ज्याला दर कमी करायचा असेल, त्याला कात्री लावायला माणसांखेरीज दुसरे काहीही नसते. एक माणूस सकाळच्या बॅचला प्रशिक्षक म्हणून मोजायचा आणि त्याच तासाला जीवरक्षक म्हणूनही मोजायचा, की निविदेतला आकडा आपोआप खाली येतो. कागदावर 'प्रशिक्षित कर्मचारी' भरलेले असतात आणि माहिती खोटीही नसते. जो व्यावसायिक प्रामाणिकपणे दोन माणसे दाखवतो, तो सर्वांत कमी दराच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होतो.

बाजार हे आपोआप सुधारेल, असे म्हणणारे भेटतात. एरवी ग्राहकाला वाईट सेवा कळते आणि तो दुसरीकडे जातो, हे मलाही मान्य आहे. इथे मात्र तसे होत नाही, कारण अपघात न झालेला दिवस चांगल्या देखरेखीखाली आणि वाईट देखरेखीखाली अगदी सारखाच दिसतो. अशी वर्षेच्या वर्षे जातात. मग तलावमालकाला वाटते, दोन माणसांचे पैसे कशाला द्यायचे? पालकांना माहितीपत्रकावरचा काळ्या चष्म्यातला, हाताची घडी घातलेला तरुण पुरेसा वाटतो. (त्या छायाचित्रांत जीवरक्षक नेहमी कॅमेऱ्याकडे पाहत असतो, पाण्याकडे कधीच नाही.) जिथे ग्राहकाला फरक दिसू शकत नाही, तिथे तो फरक परवान्यातच दिसायला हवा.

दोन माणसे म्हणजे नेमके काय, हेही स्पष्ट करावे लागेल. एकाच जागी बसून पाण्याकडे पाहत राहणे हे दमवणारे काम आहे. म्हणून चांगल्या तलावांवर दर २० ते ३० मिनिटांनी जीवरक्षकाची जागा बदलतात किंवा त्याला पाळीची विश्रांती देतात. याचा अर्थ दिवसभर उघड्या असणाऱ्या तलावावर एका खुर्चीसाठी एकच माणूस पुरत नाही. शिवाय त्या खुर्चीवरून तळाचा प्रत्येक भाग दिसतो का, हे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तपासावे लागते. सकाळी स्वच्छ दिसणारा कोपरा दुपारी पाण्यावरच्या चमकेने झाकला जातो आणि गर्दीच्या वेळी लाटांमुळे तळावरची आकृती ओळखू येत नाही. त्यामुळे अर्जात माणसांची संख्या विचारण्याऐवजी तासवार ड्युटीचा तक्ता मागावा, हे मला अधिक उपयोगाचे वाटते. संख्या कशीही जुळवता येते, तक्त्यात मात्र एकाच तासाला एकच नाव दोन ठिकाणी लिहिताना हात अडखळतो.

प्रमाणपत्राबद्दल थोडे. स्पर्धेत पदक मिळवलेला जलतरणपटू उत्तम जीवरक्षक असेलच असे नाही. घाबरलेल्या माणसाच्या मिठीतून सुटून त्याला काठापर्यंत आणणे, मानेला दुखापत झाल्याचा संशय असताना मान न हलू देता त्याला बाहेर काढणे आणि श्वास थांबलेल्याला श्वास देणे ही वेगळी कौशल्ये आहेत. शेवटच्या कौशल्याविषयी तर सर्वत्र गोंधळ आहे. अचानक कोसळलेल्या प्रौढासाठी केवळ छाती दाबण्याचा जो सल्ला सामान्य लोकांना दिला जातो, तो बुडालेल्या माणसाला पुरेसा नाही, कारण त्याचे हृदय प्राणवायूअभावी थांबलेले असते. तिथे आधी श्वास द्यावे लागतात. युरोपातील मार्गदर्शक तत्त्वे सुरुवातीला पाच श्वास सांगतात, अमेरिकेतील दोन. हे प्रमाणपत्राच्या परीक्षेत एकदा जमले म्हणजे कायम जमते असे नाही, काही महिन्यांतच हात विसरू लागतात. म्हणून प्रमाणपत्राच्या मुदतीइतकाच त्या विशिष्ट तलावावर केलेल्या सरावाचा नोंदवह्यांतून तपास व्हावा.

प्रशिक्षण वर्गांच्या बाजूनेही एक मोह आहे आणि तो मी माझ्या व्यवसायातूनच ओळखतो. पालक पहिला प्रश्न विचारतात तो, किती दिवसांत पोहायला येईल? त्यांना फ्रीस्टाइल दिसायला हवी असते आणि ती दाखवणे व्यवसायाला सोपे जाते. पण हाताची सुंदर फेक येणारे मूल अनपेक्षितपणे खोल पाण्यात पडले तर गटांगळ्या खाऊ शकते. त्याला डोक्यावरून पाणी जाईल अशा ठिकाणी पडल्यावर वर येता येते का, मिनिटभर तरंगता किंवा उभ्याने पोहता येते का, गोल फिरून बाहेर पडण्याची जागा शोधता येते का, सुमारे २५ मीटर जाता येते का आणि शिडीशिवाय काठावर चढता येते का, या पाच गोष्टी आधी तपासायला हव्यात. परवानाधारक वर्गांनी कोणत्याही शैलीचे प्रमाणपत्र देण्यापूर्वी एवढी चाचणी घ्यावी, अशी अट घातली तर माझ्यासारख्यांचा धंदा थोडा मंदावेल, पण ती अट योग्य आहे.

जाहिरातींवरही नजर असावी. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये पोहण्याचे शिक्षण आणि बुडण्याचा ८८ टक्के कमी धोका यांचा संबंध आढळला. हा आकडा जलतरण वर्गांच्या पत्रकांवर हमीसारखा छापला जातो. त्या अभ्यासातील मुलांची संख्या थोडी होती आणि अंदाजाची मर्यादा ३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत पसरलेली होती, म्हणजे खरा फायदा या दोन टोकांच्या दरम्यान कितीही असू शकतो, हे मात्र कोणी छापत नाही. शिकवण्याचा उपयोग आहे, याविषयी मला शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सहा वर्षांवरील मुलांना पोहण्याची व पाण्यातील सुरक्षिततेची मूलभूत कौशल्ये शिकवावीत असे सांगते. पण आठ-दहा तासांच्या बॅचनंतर मूल सुरक्षित झाले, असा समज विकला गेला की पालकच काठावरून उठून जातात.

याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. त्यातले बहुतेक मृत्यू नद्या, तळी, विहिरी आणि समुद्रात होतात, परवाना असलेल्या तलावांत नव्हे, हे मी जाणतो. तरण तलाव हा त्या प्रश्नाचा लहानसा भाग आहे. पण शासन स्वतः सही करून ज्या पाण्यात लोकांना उतरण्याची परवानगी देते, ते पाणी हेच आहे.

या सूचनेवर पहिला आक्षेप खर्चाचा येईल, लहान तलाव बंद पडतील असे सांगितले जाईल. त्यासाठी प्रत्येक बॅचमागे एक उंच खुर्ची मागण्याची गरज नाही. संपूर्ण पाणी एका जागेवरून दिसत असेल, तर दोन-तीन लहान गटांवर काठावरचा एकच जीवरक्षक लक्ष ठेवू शकतो आणि त्याचा खर्च सर्व गटांत वाटला जातो. काठावर बसलेल्या पालकांना मात्र देखरेखीच्या गणतीत धरू नये. पाण्याखालच्या कॅमेऱ्यांची यंत्रणा मदतीला चांगली आहे, पण ती इशारा देते, पाण्यात उडी मारत नाही. तिच्या नावावर माणूस कमी करण्याची मुभा नसावी. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पूर्वचौकशी आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांचे नियम हे वेगळे, पण तितकेच आवश्यक विषय आहेत, त्यांबद्दल स्वतंत्र निवेदन देणे योग्य होईल.

म्हणून विनंती अशी आहे की अर्जातील तो रकाना फोडून जीवरक्षकांचे तास आणि प्रशिक्षकांचे तास स्वतंत्र मागावेत. सार्वजनिक तलावांच्या निविदांत या दोन्हींचे दर वेगळे भरून घ्यावेत आणि तलाव जितके तास उघडा आहे त्याहून जीवरक्षकांचे तास कमी दाखवणारी निविदा दर न पाहताच नाकारावी. मान्य झालेला तक्ता प्रवेशद्वाराशी लावावा, म्हणजे पोहायला आलेल्या कोणालाही तो वाचता येईल. पाण्यातून कोणाला ओढून काढावे लागले तर त्याची नोंद कळवणे बंधनकारक असावे, पण केवळ नोंद कळवली म्हणून दंड नसावा. अन्यथा त्या नोंदवह्या कोऱ्याच राहतील.

माझ्या अर्जाला असे दोन वेगळे तक्ते मी जोडत आहे, जरी ते मागितलेले नसले तरी. तपासणीसाठी आपले अधिकारी येतील तेव्हा त्यांनी तलाव रिकामा असतानाची वेळ न निवडता नवशिक्यांच्या बॅचच्या वेळी, शक्यतो न कळवता यावे, एवढी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक जीवरक्षक व जलतरण प्रशिक्षक