पुरात भिजलेली वही आणि मास्तर

आदरणीय मास्तर यांस,
सादर प्रणाम.

तुम्हाला जाऊन या श्रावणात वर्ष होईल. तुमच्या हयातीत जे कधी ओठांवर आले नाही, ते आता सर्वांदेखत लिहीत आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, ती थेट ५५ फुटांवर गेली आणि कोल्हापुरातल्या शाहूपुरीतील आमच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात छातीभर पाणी शिरले. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. पाणी ओसरल्यावर दार उघडले, तेव्हा शाडूच्या मूर्तींचा फळ्यांवर नुसता गाळ उरला होता, प्लॅस्टरच्या मूर्तींचे रंग सुटले होते आणि गिऱ्हाइकांच्या आगाऊ रकमांची वही भिजून फुगली होती. हा धंदाच बंद करतो, असे मी घरी सांगूनही टाकले होते.

तुम्ही चिखल तुडवत आलात आणि मूर्तींकडे न पाहता आधी वही मागितलीत. एकेक पान अलगद सोडवून रद्दीच्या कागदांत ठेवलेत, वरून इस्त्री फिरवलीत आणि पुसलेली नावे मला आठवायला लावलीत. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून, मूर्ती पुरात भिजली आहे, धुऊन-वाळवून पुन्हा रंगवून देतो, नको असल्यास पैसे परत करतो, असे स्पष्ट सांगायला मला बसवलेत. काहींनी पैसे मागितले. बहुतेकांनी मूर्तीच मागितली. तडा गेलेली एकही मूर्ती मात्र तुम्ही रंगवू दिली नाहीत. त्यावरून आपले कडाक्याचे भांडण झाले, हेही इथे नोंदवतो, कारण त्या दिवसांत मला तुमचा तो हट्ट परवडणारा नव्हता.

शेवटच्या आठवड्यात रात्र-रात्र बसून डोळ्यांची आखणी तुम्हीच केलीत. सत्तरी उलटलेला तुमचा हात थरथरत असे, पण ब्रश टेकण्याआधी तुम्ही श्वास रोखून धरत असा आणि पापणीची रेघ एका दमात उतरत असे. मजुरीचे विचारले, तर मिसळ मागवायला सांगितलीत, तीही कट वेगळा घेऊन.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढले, तेव्हा मी आधी वही उचलली, मग साचे. त्या वहीत तुमच्या अक्षरातील एका नावापुढे प्रश्नचिन्ह आहे. त्या गिऱ्हाइकाचा शोध अजून लागलेला नाही. त्यांचे २०१ रुपये मी पाकिटात घालून वहीतच ठेवले आहेत.

आपला,
कुंभार गल्लीतील एक विद्यार्थी